राव, चार जण

राजाजीनगरात रविवारी सकाळी साडेआठनंतर माणसं पदपथावर, उभ्या केलेल्या स्कूटरच्या सीटवर आणि शेजारच्या बंद बँकेच्या पायऱ्यांवर बसलेली दिसली, की समजावं, जवळपास टिफिन रूम आहे. आत काय मिळतं हे विचारायची गरज नसते. इडली-वडा, डोसा, पुरी-सागू, खारा भात, केसरी भात आणि कॉफी. मंगळवारी अकरा वाजता याच हॉटेलात शिरलात तर हव्या त्या टेबलाशी बसता येतं, आणि तोच डोसा त्याच तव्यावरून त्याच चटणीबरोबर येतो. पण मंगळवारी अकराला डोसा खाणारा माणूस एक तर निवृत्त असतो, नाहीतर त्याची नोकरी नुकतीच गेलेली असते. बाकीच्या शहरानं रविवारी नऊ ते अकराच्या मध्येच न्याहारी करायची असं एकमतानं ठरवून टाकलं आहे. बंगळुरात इतकं एकमत दुसऱ्या कशावरही नाही, रिक्षाच्या भाड्यावर तर नाहीच.

हॉटेलचं नाव सांगणार नाही. माझ्यापुढं आधीच पुष्कळ लोक आहेत.

आता याला ब्रंच म्हणतात. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या एका इंग्रजानं रविवारच्या उशिराच्या न्याहारीची लेखी वकिली केली होती. त्याचा मुख्य मुद्दा असा, की शनिवारी रात्री जागरण केलेल्या माणसाला रविवारी लवकर उठवणं क्रूरपणाचं आहे. राजाजीनगरात हा मुद्दा टिकत नाही. इथली पहिली पंगत साडेसहालाच बसते. ती असते पहाटे फिरून आलेल्या, कपाळाला विभूती आणि पायात कॅनव्हासचे बूट अशा आजोबांची. त्यांना रांग म्हणजे काय ते माहीत नाही. दोन इडल्या, एक वडा, एक कॉफी, आणि सव्वासातला घरी. मग टेकडीवरच्या इस्कॉनच्या देवळातून उतरलेली कुटुंबं येतात, आणि त्यानंतर बेरिंजरसाहेबांचे शिष्य, डोळे चोळत. अडचण होते ती दुसरी लाट आणि तिसरी लाट दाराशी एकमेकींना भेटतात तेव्हा.

खरं तर हा भाग थांबणाऱ्यांचा नव्हेच. राजगोपालाचारींच्या नावानं वसवलेली ही वसाहत मुळात कारखान्यांची. रवी किर्लोस्करांनी १९४६ मध्ये बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू केली, आणि तिच्या विजेच्या मोटारींबरोबर काही मराठी बिऱ्हाडंही इथं येऊन पोचली. शिफ्टला जाणारा माणूस इडलीसाठी पाऊण तास उभा राहत नाही. ज्या आवारात त्या मोटारी बनत, तिथं आज ओरायन मॉल आहे. तिथल्या हॉटेलांपुढंही रविवारी रांगा असतात, फक्त त्या वातानुकूलित असतात.

बंगळूरनं या प्रश्नावर एक उत्तर शोधलं होतं, आणि ते शोधणाऱ्याला मी मनातल्या मनात नेहमी नमस्कार करतो. १९८३ मध्ये जयनगरात आर. प्रभाकर यांच्या कल्पनेतून कॅफे दर्शिनी उभी राहिली. आधी पैसे, मग कूपन, मग खिडकीवरून ताटली उचलायची आणि उंच टेबलाशी उभं राहून खायचं. खुर्चीच काढून टाकली तर खुर्चीसाठी थांबणार कोण? पुढं शहरभर दर्शिन्या झाल्या, आणि आजही आठवड्याचे पाच दिवस अर्धं बंगळूर उभ्या उभ्याच खातं. पण रविवारी सहकुटुंब बाहेर पडलेल्या माणसाला बूड टेकायचं असतं. आजीचे गुडघे, धाकट्याची उंची आणि थोरलीचा फोटो या तिन्ही गोष्टींना टेबल-खुर्ची लागते. दर्शिनीनं सोडवलेला प्रश्न असा दर रविवारी पुन्हा दारात येऊन उभा राहतो.

आमच्याकडं पाहुणे आले की हमखास ही वेळ येते. परवा माझे मामा पुण्याहून आणि मावशी बेळगावहून आली होती. बहीणभाऊ एकाच घरात वाढलेले, पण चाळीसएक वर्षं वेगवेगळ्या गावांचं पाणी प्यायलेले. रविवारी सकाळी बायको म्हणाली, "घरात काही करत नाही, बाहेरच जाऊ." मामा खूश झाले. हॉटेलसमोरची गर्दी पाहिली आणि गप्प झाले.

"अरे, पैसे देऊन खायचं आणि वर रांगेतही उभं राहायचं?"

"मामा, तुम्ही फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीपुढं उभे राहता की."

"ते वेगळं. तिथं ओळखीचे भेटतात."

मग कुणाला तरी विचारून आत काय चांगलं मिळतं याची त्यांनी चौकशी केली. चौ-चौ भात घ्या, असं उत्तर मिळालं. म्हणजे काय, तर एकाच ताटलीत एक मूद तिखट उपम्याची आणि एक मूद केशरी शिऱ्याची. हे ऐकून मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे उपमा आणि शिरा. आणि त्यासाठी आपण तासभर इथं. सूनबाई, रवा संपलाय का घरातला?"

दारात वही घेऊन एक मुलगा उभा होता. सगळ्या जुन्या हॉटेलांत आता असा मुलगा असतो. माटुंग्याच्या कॅफे मद्रासपुढं असतो, लालबाग रस्त्यावरच्या एमटीआरमध्येही नाव लिहून घेऊन थांबायला बसवतात. काही ठिकाणी वहीच्या जागी फोन आला आहे. आपला नंबर टाकला की 'तुमच्यापुढे १४' असा संदेश येतो आणि माणूस त्या चौदाकडं, शेअर बाजाराकडं बघावं तसा बघत राहतो. मला वहीच बरी वाटते. वहीवाल्याकडं बघून निदान हसता तरी येतं.

"एष्टु जना, सार्?"

"नाल्कु."

"हेसरु?"

इथं मी नेहमी 'राव' सांगतो. माझं आडनाव राव नाही. पण माझ्या खऱ्या आडनावात एक 'ळ' आणि एक जोडाक्षर अशा जागी आहेत, की वहीत ते वेगळंच होतं आणि पुकारताना आणखी वेगळं. एकदा माझंच नाव पुकारलं गेलं, आणि कोण बिचारा वेळेवर येत नाही म्हणून मी इतरांबरोबर इकडं-तिकडं बघत होतो. 'राव' सोपं. फक्त त्यात एक खोट आहे. ही युक्ती बऱ्याच जणांना सुचलेली असते, शिवाय खरे रावही या शहरात काही कमी नाहीत. त्यामुळं "राव!" अशी हाक आली की पायऱ्यांवरून चार-पाच कुटुंबं एकदम उठतात, आणि "राव, चार जण" म्हटल्यावर त्यातली तीन खाली बसतात.

"ऐदु निमिष, सार्," मुलगा म्हणाला.

पाच मिनिटं. यात खोटं बोलायचा त्याचा हेतू नसतो. किती वेळ लागेल हे त्याला ठाऊक नाही आणि 'ठाऊक नाही' म्हणायची त्याला मुभा नाही. आत बसलेला माणूस कॉफीनंतर उठेल की आणखी एक डोसा मागवेल, हे त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही, मग या पोराला कुठून कळणार?

तरी अंदाज बांधता येतो. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे. आपल्यापुढं किती जण आहेत त्याला, दर मिनिटाला किती जण आत जातात त्यानं भागायचं. येणारं उत्तर म्हणजे आपली वाट. मी घड्याळ लावून बसलो. आमच्यापुढं अकरा नावं होती आणि दहा मिनिटांत चार टेबलं मोकळी झाली. म्हणजे साडेसत्तावीस मिनिटं. हे मी मोठ्या अभिमानानं मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तो पाच का म्हणाला?" यावर लिटलसाहेबांकडं उत्तर नाही. ते आहे डेव्हिड मेस्टर यांच्याकडं. रांगेत माणसाच्या मनाचं काय होतं, यावर त्यांनी १९८५ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचा मथितार्थ असा, की किती वेळ हे माहीत नसेल तर थांबणं लांबतं, का थांबतोय हे माहीत नसेल तर आणखी लांबतं, आणि मागून आलेला पुढं गेला तर फारच लांबतं. घोळक्यात थांबणं मात्र एकट्यानं थांबण्यापेक्षा आखूड वाटतं. सत्तावीस मिनिटं कळल्यावर मामा खरोखरच जरा निवळले. लगेच जाऊन कोपऱ्यावरून वर्तमानपत्र घेऊन आले.

खरं तर हा आकडा दारातच लिहून ठेवायला हवा. आणीबाणीत सरकारनं खाण्याचे दर बांधून दिले, तेव्हा एमटीआरनं रोजचा तोटा बाहेर फळ्यावर लिहून लावला होता, असं जुने लोक सांगतात. शेवटी काही काळ हॉटेलच बंद करावं लागलं. ज्या शहरात हॉटेलवाला आपला तोटा फळ्यावर मांडू शकतो, तिथं कुणी उरलेली मिनिटं मांडायला काय हरकत आहे? पण ते होणार नाही. पन्नास मिनिटं असं लिहिलेलं वाचून निम्मे लोक निघून जातील. पाच-पाच मिनिटांच्या हप्त्यांनी तीच पन्नास मिनिटं सगळे सुखानं फेडतात.

थांबताना बघण्यासारखं एकच असतं, ते म्हणजे आतली टेबलं. खिडकीपाशी एक कुटुंब बसलेलं होतं. आई, वडील, आजी आणि आठेक वर्षांचा मुलगा. वडलांच्या ताटलीत डोशाचा शेवटचा तुकडा उरला होता. तो त्यांनी चटणीत फिरवला, मग सागूत फिरवला, आणि खाल्ला नाही. बाजूला ठेवला. आमच्या बाजूला काचेबाहेर चार-पाच जणांचा श्वास अडकला. आईनं कॉफी वाटीसारख्या डबऱ्यात ओतली, डबऱ्यातून पेल्यात, पुन्हा पेल्यातून डबऱ्यात, हातभर उंचीवरून, फेस येईपर्यंत. कॉफी आली म्हणजे शेवट जवळ आला, हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. खुर्चीमागं उभं राहायला दोघं जण सरसावलेही. आजीनं पदरानं ओठ पुसले. आणि तेवढ्यात वडलांनी हात वर करून वेटरला बोलावलं, एक बोट दाखवलं. मुलासाठी आणखी एक. मामा हळूच म्हणाले, "पोराला एवढं तूप बरं नव्हे."

या खुर्चीमागं उभं राहण्याबद्दल पाहुण्यांना आधी सांगून ठेवावं लागतं. मल्लेश्वरातल्या, गांधी बझारातल्या जुन्या टिफिन रूममध्ये हा रिवाजच आहे. जेवणाऱ्याच्या पाठीमागं, त्याच्या मानेवर आपला श्वास लागेल इतक्या अंतरावर उभं राहायचं आणि छताकडं बघायचं. ताटलीकडं बघायचं नाही, ते असभ्य. टेबलाची एक बाजू मोकळी असेल तर 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि' म्हणून अनोळखी माणसासमोर बसायचं. मग एकमेकांच्या कोपरांना सांभाळत, एकाच सांबाराच्या बादलीची वाट बघत, एक शब्द न बोलता दोन कुटुंबं शेजारी-शेजारी खातात. पुण्यात हे झालं असतं तर एका बाजूला पाटी लागली असती, असं बायकोचं मत आहे. ते तिनं मामांसमोर मांडलं नाही.

मी एवढे रविवार इथं घालवल्यावर माझी एका गोष्टीबद्दल खात्री झाली आहे. उभा असताना माणूस समाजवादी असतो. खुर्ची सगळ्यांची आहे, खाऊन झालं की उठलं पाहिजे, कॉफीवर गप्पा मारणं हा सामाजिक गुन्हा आहे, आणि वर्तमानपत्र उघडणाऱ्याला तर दंड व्हावा, असं त्याचं ठाम मत असतं. तोच माणूस बसला की पाच मिनिटांत खासगी मालमत्तेचा कट्टर पुरस्कर्ता होतो. काचेबाहेरचे चेहरे त्याला दिसेनासे होतात. त्याला आठवतं, की आपण दमलो आहोत, आठवडाभर राबलो आहोत, आणि एक कॉफी बाय-टू करून अजून जराशी घेतली तर कुणाचं काय जातं? यात दुटप्पीपणा असतो असं मला वाटत नाही. तो दोन्ही वेळा मनापासून बोलत असतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ तर उभे असताना इतरांच्या खाण्याची मिनिटं मोजतात आणि बसले की मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवतात. कॉफी सांडते म्हणे.

दोष द्यायचाच तर तव्याला द्यावा. बाहेरून वाटतं, टेबलं कमी आहेत म्हणून रांग आहे. पण स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून बघितलं की कळतं, सगळी सूत्रं त्या एका काळ्या तव्याच्या हातात आहेत. पाण्याचा हबका, हिरांच्या खराट्याचे दोन फटकारे, मग ओळीनं पिठाच्या पळ्या, त्यावर लोण्याचे गोळे. डोसे एक-एक होत नाहीत, घाणा होतो. घाणा उतरला की वेटर हातभर ताटल्यांची उतरंड सावरत बाहेर येतो, आठ-दहा जणांना एकदम डोसा मिळतो, ते एकदम खातात आणि साधारण एकदमच उठतात. म्हणून रांग मुंगीसारखी सरकत नाही. बराच वेळ काही होत नाही आणि मग एकाच दमात तीन-चार नावं पुकारली जातात. हे माहीत नसलेला माणूस नेमका त्या आधीच्या शांततेत कंटाळतो आणि दुसऱ्या हॉटेलाकडं जातो. तिथंही तवा असतोच.

आणखी एक. दोघं असाल तर इथं राज्य करता, कुठल्याही कोपऱ्यात घुसता येतं. चौघांना थांबावं लागतं. सहा जणांनी मात्र घरून थोडं खाऊन निघावं. सहा जणांचं टेबल आत एकच असतं, आणि तिथं कुणाच्या तरी साठीशांतीचे पाहुणे बसलेले असतात.

मामा वर्तमानपत्र संपवून इतिहासाकडं वळले. १६३८ मध्ये शहाजीराजांच्या जहागिरीत आलेलं हे शहर. पलीकडं मल्लेश्वरातल्या काडु मल्लेश्वर देवळाला त्यांच्या मुलानं, व्यंकोजीराजांनी दान दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. पुढं व्यंकोजींनी शहर विकायला काढलं, मध्ये मोगल आले, आणि १६८७ मध्ये तीन लाख रुपयांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडं गेलं. "तीन लाख!" मामा म्हणाले. "जरा धीर धरला असता तर आज आपल्याला टेबल मिळालं असतं."

"धीर तुला तरी आहे होय रे?" असं म्हणायला मावशी तिथं असायला हवी होती. पण ती नव्हती. मघाशी ती वहीवाल्या मुलाला आपल्या बेळगावी कन्नडमध्ये "एष्टोत्त आगतद्री?" असं विचारून आली होती. बंगळूरच्या कानाला ते 'री' ऐकलं की गंमत वाटते. मुलगा हसला, आणि पायरीवर बसलेल्या एक बाई गर्रकन वळल्या. हुबळीच्या निघाल्या. मुलाकडं राहायला आलेल्या, बरोबर यजमान, महिनाभर आपल्या वळणाचं कन्नड कानावर नाही म्हणून कासावीस झालेल्या. त्यानंतर मावशी आमची राहिली नाही. शेंगाची चटणी कुटावी की मिक्सरला लावावी, धारवाडचा पेढा आणि बेळगावचा कुंदा यांत उजवं काय, इथल्या सांबारात गूळ कशाला घालतात, सुना किती वाजता उठतात, सगळं पायरीवर निघालं. भाषा कुठं कन्नड, कुठं मराठी, कुठं दोन्ही. बाईंचे यजमान आणि मामा एकमेकांकडं बघून मान हलवत होते. मोबाइल दोघांच्याही हातात होते, पण कुणी बघत नव्हतं.

सव्विसाव्या मिनिटाला तव्यावरचा घाणा उतरला असावा. आतून एकदम खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. "राव, चार जण!" मी उठलो, बायको उठली, मामा तर आधीच दारात होते. लिटलसाहेबांचा नियम दीड मिनिटाच्या फरकानं खरा ठरला होता आणि ते कुणाला तरी सांगावं असं मला फार वाटत होतं.

मावशी उठली, तिनं हुबळीच्या बाईंचा हात धरलेला होता.

"हे पण येतात की आपल्याबरोबर," ती म्हणाली. "बोलणं अर्धं राहिलंय. असं सोडून जायचं काय?" आणि आम्ही काही म्हणायच्या आत मुलाकडं वळून तिनं सहा बोटं दाखवली. "नाल्कु अल्लप्पा. आरु."

मामांनी डोळे मिटून घेतले. मुलानं वहीत 'राव ४' वर रेघ मारली, पान उलटलं आणि सगळ्यांच्या शेवटी 'राव ६' असं लिहिलं.

"ऐदु निमिष, अम्मा."